चूल न पेटलेले दिवस

२७ फेब्रुवारी २०२५

गाळणी बदलली. छपरावरच्या यंत्राची. शेवटची रक्षानंच घातली होती, आजारी पडायच्या आधी. आठवड्याला बदलायची असते — राहून गेली. बाहेर काढली तर पांढरी चकती पार काळी, तव्याच्या बुडासारखी.

काल पुण्याहून सुनयना मॅडमचा फोन होता. रक्षाच्या संस्थेत तिच्या वरच्या. बराच वेळ रक्षाबद्दल बोलल्या. मी नुसतं हं हं केलं. मग विचारलं, छपरावरचं यंत्र न्यायला माणूस पाठवू, की काही दिवस तुम्ही सांभाळाल? मी म्हटलं, सांभाळतो. विचार न करताच बोलून गेलो.

बारावं होऊन गेलं. पाहुणे गेले. आता आयी आणि मी. यंत्राची घुरघुर सारखी ऐकू येते. पूर्वी कधी ऐकू यायची नाही.

२८ फेब्रुवारी

जोयड्याला कचेरीत गेलो. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. माझं टेबल कुणीतरी पुसून ठेवलं होतं.

५ मार्च

चहाच्या वेळी नागराजनं विचारलं — शेजारच्या टेबलावरचा, कारवारकडचा, मनानं साफ — वैनी नेमकं कसलं काम करायच्या? मी म्हटलं, हवेचं. तो म्हणाला, म्हणजे पावसाचा अंदाज? मी म्हटलं, तसं नव्हे. पुढं काही सांगता आलं नाही. एवढी वर्षं संसार केला आणि बायकोचं काम चार वाक्यांत सांगता येऊ नये! इथं तरी नीट लिहून बघतो.

जगाच्या हवेत कुठला वायू कुठून निघतो, किती साचतो, कशात मिसळून काय होतो, हे सगळं कॉम्प्युटरवर मांडतात. त्याला मॉडेल म्हणतात. आकड्यांची पृथ्वी. तिच्यावर चौकोन पाडलेले. रक्षा म्हणायची, आपला अख्खा जोयडा तालुका आणि वरचा खानापूरचा तुकडा मिळून एक चौकोन. एवढं जंगल, एवढे डोंगर — आणि एक आकडा! साहजिकच मॉडेल चुकतं. मग उपग्रहाला वरून जे दिसलं त्याच्याशी ताडून दुरुस्त करतात. उपग्रहाला धूर कमी दिसला की मॉडेलमधला कमी करायचा, जास्त दिसला की वाढवायचा.

तिचं म्हणणं असं की आमच्या भागात ही दुरुस्तीच चुकते. तिच्या कामाचा उपग्रह इथून दिवसाउजेडी एकदाच जातो, दुपारी दीडच्या सुमाराला. आणि थंडीत आमच्या दरीत धूर साचतो तो पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. धुक्यात मिसळून, छपरांच्या उंचीला. दुपारपर्यंत तो वर जाऊन पांगतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, इथं कुणी काही जाळतच नाही. आणि आमच्याकडचा जो धूर हिशेबात धरलाच नाही, तो मॉडेल मग भलत्याच मुलखाच्या नावावर टाकतं.

एकदा सुप्याच्या धरणावर उभे होतो. म्हणाली, "वरून पाणी दिसतं. खाली जुनं सुपा बुडालंय ते दिसतं का? त्याला कुणीतरी बुडी मारायला पाहिजे."

यंत्र ही तिची बुडी. नळीतून हवा ओढायची आणि तिच्यात धुराचा कार्बन मोनॉक्साइड किती ते मोजायचं. दोन हिवाळे मोजलं. वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जायची, बाकी काम इथून. रेंज मिळते ती फक्त टेकडावर, म्हणून लॅपटॉप घेऊन फणसाच्या सावलीतून चढत जायची. गावच्या बायका म्हणायच्या, मास्तरीण चालली शाळेला.

एवढंच नागराजला सांगायचं होतं.

९ मार्च

रविवार. रामनगरहून मामा आले — गणपती मामा, रक्षाचे वडील. किराणा दुकान पुतण्यावर सोपवून एकटेच बसनं आले. दुपारी जेवले आणि शिडी कुठाय म्हणाले.

आयीनं अडवलं. "चढू नकासा पावणं. वय झालं आता."

"वय तुमचं झालं. मी अजून पोती उचलतो."

चढले. नळीशेजारी बराच वेळ बसून राहिले. मी खाली शिडी धरून उभा. उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. आयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

बसची वाट बघताना त्यांनी विचारलं, तिचं ते जगाचं मॉडेल का काय, त्यात तुमच्या गुंद गावचं नाव येणार आणि कामावर तिचं नाव येणार असं ती म्हणायची. अजून येणार न्हवं? मी म्हटलं, येणार. ते म्हणाले, "पोरबाळ तरी मागं असतं तर गोष्ट निराळी हुती. आता तिचं म्हणून तेवढंच."

बस आली. मी खिडकीतून पिशवी आत दिली.

१४ मार्च

होळी. गावात ढोल. आयी दार लोटून बसली.

१८ मार्च

कचेरीतून येऊन टेकडावर गेलो. प्रज्योतचा निरोप होता, बोलायचंय म्हणून. प्रज्योत रक्षाच्या हाताखाली काम करायचा, पुण्याचा. यंत्र बसवताना इथं आठवडाभर राहून गेलाय. आयी अजून त्याला 'भाकरीवाला' म्हणते — तांदळाच्या भाकऱ्या तो मोजून खात नसे.

 आज तुकड्या-तुकड्यानं बोलला ते असं. मॉडेलची नवी आवृत्ती होतेय. उपग्रहाचे आकडे जमिनीवरच्या ज्या यंत्रांशी ताडायचे त्यांची यादी एप्रिलअखेर बंद होईल. प्रत्येक ठिकाणचे आकडे तपासतात. गुंद तपासणीत नापास झालं. सकाळचे आकडे इतके चढे आहेत की तपासणारे म्हणतात, हा मुलखाचा धूर नव्हे, नळीशेजारच्या एखाद्या आगीचा आहे. एका घराच्या धुरावर अख्ख्या चौकोनाची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून गुंद काढायचं. एखादा दिवस नव्हे — पूर्ण.

मी विचारलं, म्हणजे तिचं काम? तो म्हणाला, तिचा लेख या आकड्यांवरच उभा आहे, दादा.

तुला काय वाटतं, विचारलं.

"मला वाटतं ताई बरोबर होती. पण मला वाटून उपयोग नाही. दाखवावं लागेल."

उतरताना मामांची आठवण झाली. येणार म्हणून सांगून बसलोय.

१९ मार्च

सकाळी छपरावर चढून बघितलं. नळीच्या तोंडापासून हात लांबवला तर पोचेल की काय असं वाटावं एवढ्यावर न्हाणीघराचं धुराडं! रोज बघतोय आणि दिसलं नव्हतं.

पहिल्यांदा नळी तिथं नव्हती. फणसाच्या बाजूला होती. वानरं फणसावरून छपरावर उड्या घेतात, त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडली. प्रज्योत पुण्याला परत गेला होता. रक्षानं आणि मी मिळून ती न्हाणीच्या बाजूला बांधली, कारण धुरामुळं तिकडं वानरं फिरकत नाहीत. तेव्हा तिला केवढी हुशारी वाटली होती! मलाही.

आमच्याकडं न्हाणीचा हंडा पहाटेच तापायला ठेवतात. आमच्या घरी, शेजारच्या झिलू काकांकडं, वरच्या वाडीत — सगळीकडं. साचतो तो धूर या चुलींचाच, असं तिचं म्हणणं. आता प्रश्न एवढाच — यंत्रानं गावाच्या चुली मोजल्या, की नुसती आमची?

२१ मार्च

आयीला सांगितलं. थोडे दिवस न्हाणीची चूल बंद ठेवायची, आकडे बघायचे. ती कोकमं फोडत होती. मान वर केली नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, दोन वरसं ती सकाळी शिडीवर चा घेऊन चढायची, माझ्या धुरात बसायची, एक शब्द बोलली न्हाई.

मी म्हटलं, तिच्या ध्यानात आलं नसेल.

आयीचा हात थांबला. "माज्या चुलीनं तिचं काम नासलं, असं म्हणतोस व्हय म्हाबळू?"

नव्हे, म्हटलं. तेच बघायचंय.

ती उठून आत गेली. कोकमं तशीच पडली. मी फोडायला बसलो तर सगळा रस सदऱ्यावर.

२२ मार्च

न्हाणीची चूल गार. आयी गार पाण्यानं न्हाली. गॅसवर तापवून देतो म्हटलं तर नको. दिवसभर शिंकत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

२६ मार्च

प्रज्योत म्हणतो, उपयोग नाही. थंडी संपली. आता सकाळी धुकं बसत नाही, वारा लवकर सुटतो, गावाचा धूर साचतच नाही. आमची चूल पेटो न पेटो, आकडा कमीच. पारख करायची तर थंडीतले दिवस हवेत — धुकं तसंच, गावातल्या चुली तशाच, आणि फक्त आमची बंद. म्हणजे पुढचा जानेवारी. तोवर यादी बंद होऊन वर्ष होत आलेलं असेल. एकदा काढलेलं ठिकाण परत घेतात का, विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. त्याचा अर्थ मला कळला.

आयीला सांगितलं, पेटव आता चूल. नाही म्हणाली.

३० मार्च

पाडवा. गुढी नाही.

संध्याकाळी झिलू काका आले. भावकीतले, आमच्या खालच्या अंगाला घर. सणाला आमच्या घरी गोड नसणार म्हणून केळीच्या पानात पुरणपोळी बांधून आणली होती. ओसरीवर बसले आणि आयीला छेडायला लागले. गार पाण्यानं न्हाऊन गोरी होणार हायस काय वैनी?

"तू एवढी वरसं ऊन पाण्यानं न्हातोस, तुजं काय उजळलं?"

काका हसले. आयीसुद्धा हसली, किती दिवसांनी. मग काका म्हणाले, "मस्करी ऱ्हाऊ दे. पर ह्या घराची न्हाणी बंद मी ह्या वरसात दोनदा बघितली. एक आता, आन् एक..."

थांबले. पानाची घडी घालायला लागले.

'एक' कुठली, ते तिघांनाही ठाऊक होतं. मी उठून आत आलो.

३१ मार्च

झोप नाही. कचेरीला गेलो नाही.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की दहाव्यापर्यंत त्या घरात चूल पेटवत नाहीत. जेवणाची नाही, न्हाणीचीही नाही. जेवण भावकीतून येतं, आंघोळ खालच्या व्हाळावर, वाहत्या पाण्यात. दहा फेब्रुवारीला बेळगावच्या दवाखान्यातून फोन आला — मीच केला होता, झिलू काकांना — तेव्हापासून या घरात जाळ नव्हता. बाकी गावात होता. थंडी होती. धुकं एवढं की व्हाळावर जाताना पुढच्याची पाठ दिसत नव्हती.

आणि यंत्र चालू होतं. सौर पॅनेलवर चालतं ते. त्याच्याकडं बघायचं कुणाला सुचलंच नाही, म्हणून कुणी बंदही केलं नाही.

प्रज्योतला थंडीतले जसे दिवस हवेत, तसे ते आहेत. तिनं दिलेत म्हणावं की काय म्हणावं, मला कळत नाही.

२ एप्रिल

अजून कळवलेलं नाही.

फोन हातात घेतो आणि ठेवतो. ते दिवस कुणाला दाखवायचे नाहीत. आम्ही गुडघ्यात मान घालून बसलेले. मामा खांबाला टेकून. रक्षाच्या चपला ओसरीखाली, कुणी हलवायला तयार नाही. या सगळ्याला आता तपासणीचे दिवस म्हणायचं? कुणीतरी पुण्यात, आणखी कुणी परदेशात, त्यांच्या रेघा काढून बघणार.

पण ती असती तर तिनं क्षणभर विचार केला नसता. नळी वानरांनी मोडली तेव्हा रडायचं सोडून दोरी शोधत होती.

३ एप्रिल

आयीला विचारलं — दहाव्यापर्यंत एकदाही चूल पेटली नव्हती ना? मला त्या दिवसांचं नीट काही आठवत नाही म्हणून विचारलं.

 तिनं उठून दार लोटलं, जसं कुणी ऐकेल.

एकदा पेटवली होती! मामांना ताप भरला होता. हातपाय गार पडलेले. त्या धुक्यात त्यांना व्हाळावर पाठवायला तिचं मन झालं नाही. सगळे व्हाळावर गेल्यावर तिनं पहाटे एक हंडा तापवला, त्यांना न्हायला दिलं, चूल विझवून राख फेकली.

"पोरीचा बाप हाय. तोबी गेला असता म्हंजे?" आणि मग, "भावकीत सांगू नको. मेल्याघरी चूल पेटवली म्हणतील."

कुठल्या दिवशी ते तिला आठवेना. मामांच्या तापाच्या गोळ्या मीच जोयड्याहून आणल्या होत्या. सोमवारी, कचेरीच्या समोरच्या दुकानातून. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पाणी तापवलं. म्हणजे मंगळवार, अठरा तारीख.

४ एप्रिल

टेकडावर बसून प्रज्योतला सगळं लिहिलं. कुठून कुठवर चूल बंद, आणि का. समई होती, तीही लिहिली. अठरा तारखेची पहाट वगळायला सांगितली — त्या दिवशी एक हंडा तापला. आयीची गोष्ट पुण्याला कळली तर भावकीला कळत नाही. खोटं लिहून रक्षाचं काम राखायचं तर ते तिचं राहत नाही.

त्याचं उत्तर लगेच आलं. "दादा, वाचलं. हळूहळू बघतो."

९ एप्रिल

काही नाही.

१२ एप्रिल

आयी रोज विचारते. थेट नाही. पुण्याचं माणूस बरं हाय काय, असं विचारते.

झिलू काकांनी शेताच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवला होता. आयी अंगणातून ओरडली, "झिलू, इझव ते! आमच्या यंत्रात जातंय!" आमच्या यंत्रात, म्हणाली.

१६ एप्रिल

प्रज्योत आणि सुनयना मॅडम दोघंही फोनवर. मी दगडावर बसून ऐकलं.

सुतकाच्या दिवसांत सकाळचा आकडा उतरलाय.  पण जेवढा उतरेल असं तपासणारे म्हणत होते तेवढा नाही. आमची चूल बंद असतानाही निम्म्याहून जास्त शिल्लक राहतो. रोज, धुक्याबरोबर चढतो, उन्हाबरोबर उतरतो. तो आमचा नव्हे. दरीचा आहे.

आणि अठरा तारीख. त्या एका पहाटे आकडा पुन्हा पूर्वीइतका वर! प्रज्योत म्हणाला, त्या एका हंड्यामुळं तुमच्या चुलीचा वाटा किती ते अचूक कळलं. तो दोन्ही हिवाळ्यांतून वजा करायचा. उरतो तो गावाचा. मॉडेलमध्ये इथली सकाळ जेवढी स्वच्छ धरली होती तेवढी ती नाही, हे आता मान्य करावं लागेल. मॅडम म्हणाल्या, गुंद यादीत राहील. लेखावर पहिलं नाव रक्षाचं.

आभार मानायचे राहून गेले. फोन ठेवल्यावर आठवलं.

घरी येऊन आयीला सांगितलं. हंड्याचंही. तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "म्हंजे झिलूच्या चुलीचा धूर जगात धरला, आन् आमचा तेवढा वगळला?"

व्हय, म्हटलं.

"आमीच काय पाप केलं?"

मी समजावलं, एका घराचा धूर वगळावाच लागतो, तो मुलखाचा धरत नाहीत. पटलं नाही. पण जेवताना ताटात माझ्या नकळत जास्तीचं तूप होतं.

१७ एप्रिल

पहाटे न्हाणीची चूल पेटली. लाकडं फुटायचा आवाज ऐकत पडून राहिलो.

२० एप्रिल

रविवार. रामनगरला जाऊन मामांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. नाव येणार म्हटल्यावर मान हलवली. पहिलं येणार म्हटल्यावर पुन्हा हलवली. मग ते दिवस कसे कामाला आले ते सांगितलं. ते सांगायचं की नाही, बसमध्ये ठरवत होतो.

त्यांनी एका डब्याचं झाकण नीट बसवलं. "आमी तितं मान खाली घालून बसलो हुतो, आन् वर यंत्र मोजत हुतं?"

व्हय, म्हटलं.

"बरं झालं. कुणीतरी काम करत हुतं."

निघताना म्हणाले, तुमच्या आयीला सांगा, त्या दिवशीचं पाणी कढत हुतं. मला सगळं ठाव हाय. कुणाला बोललो न्हाई.

मग त्या गिऱ्हाइकाला साखर तोलून दिली.

२४ एप्रिल

वळवाचा शिडकावा. गाळणी बदलली. फारशी काळी नव्हती.

२९ एप्रिल

प्रज्योतचा फोन. उद्या यादी बंद. इतके दिवस फक्त सकाळचे आकडे बघितले होते, आता दिवसभराचे शेवटचे तपासतायत. म्हणाला, दादा, एकच अडलंय. अकरा फेब्रुवारीची दुपार. तीननंतर आकडा एकदम चढलाय, दोन वर्षांत एवढा कधीच नाही. दिवेलागणीपर्यंत उतरत गेलाय. उपग्रह त्याच्या आधीच जाऊन चुकला होता, त्याला काही दिसलेलं नाही. जंगलात वणवा होता का? तसं असेल तर ठेवायला हवा.

मी म्हटलं, वणवा नव्हे. व्हाळापलीकडं आमचं स्मशान आहे. त्या दिवशी वारा घराकडं होता.

 तो म्हणाला, ठेवू या, दादा. ताईचा आहे.

"काढ," म्हटलं. "तो तालुक्याचा नव्हे. आमच्या घरचा."